मांडवीवरचा सातवा डाव

आमच्या घरी दिवाळीच्या पाडव्याला पत्ते निघत. एरवी पत्त्यांना शिवू न देणारी आई त्या दिवशी आम्हां भावंडांना प्रत्येकी एका रुपयाची मोड देई. द्यूतप्रतिपदेला खेळलंच पाहिजे, असं शास्त्र ती सांगे आणि त्याला स्वतःचं एक पोटकलम जोडी : "मोड संपली की उठायचं. उसनं मागायचं नाही." या पोटकलमाची किंमत मला कळली ती पन्नासएक वर्षांनी, पणजीला, मांडवीच्या पात्रात नांगरलेल्या एका बोटीवर.

गेल्या वर्षी दसरा उरकल्यावर मी आणि माझा मेहुणा कोल्हापूरहून आंबोलीच्या घाटाने पणजीला गेलो. दिवसा मांडवीचा काठ मोठा शांत. अलीकडे आदिलशहाचा जुना वाडा, पलीकडे रेइश मागूशचा किल्ला, मधून बेतीची फेरीबोट आपली जा-ये करीत असते. पण दिवेलागण झाली की पात्रातल्या कॅसिनोच्या बोटी अशा उजळतात, की कुणी पाण्यावर आकाशकंदीलच सोडलेत! १९९६ साली गोव्याने कायद्यात बदल करून अशा बोटींवर जुगाराला वाट करून दिली. आमच्या महाराष्ट्राची तऱ्हा निराळी. इथे १९७६ साली कॅसिनोचा कायदा झाला, तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ साली रद्दही झाला!

धक्क्यावर सोडताना टॅक्सीवाला हसून म्हणाला, "आमकां गोंयकारांक भितर सोडिनात." खरंच आहे. २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना तिथे खेळायला मनाई आहे. आपल्या माणसांना सरकारने काठावर ठेवलं. आम्हां पाहुण्यांची काळजी आमच्यावर सोपवली.

माझी काळजी मी आईच्या पद्धतीने घेतली होती. पाच हजार रुपये खिशात. बँकेचं कार्ड आणि परतीचं भाडं लॉजवरच्या ट्रंकेत. मेहुण्याच्या खिशात मात्र चाळीस हजार होते. घराच्या स्लॅबच्या सळीचे पैसे. "नुसते जवळ असू देत, दाजी," तो म्हणाला.

छोट्या होडीतून बोटीवर गेलो. आत गालिचे, थंडगार हवा, खाण्यापिण्याची चंगळ. रूलेटच्या मेजाभोवती गर्दी होती. चक्रावर ३७ घरं : अठरा लाल, अठरा काळी आणि एक हिरवं शून्य. लाल-काळ्यावर लावलं तर जिंकल्यास दुप्पट हाती येतात. मात्र शून्य आलं की दोघेही बुडतात. मालकाची सारी कमाई त्या एका हिरव्या घरात आहे. लावलेल्या दर शंभर रुपयांमागे सरासरी दोन रुपये सत्तर पैसे त्याचे. डाव कसाही मांडा, हा कर चुकत नाही. आपल्या हातात एवढंच, की एका वेळी थोडं लावावं आणि संध्याकाळ लांबवावी. मी दर डावाला पाचशेची एकच चिप लावीत होतो, आणि मध्ये मध्ये नुसता बघत होतो.

मेहुण्यापाशी 'पद्धत' होती. लालवर पाचशे लावायचे. हरलो तर हजार, मग दोन हजार, असं दुप्पट करीत जायचं. कधीतरी लाल येणारच, आणि आला की मागचं सगळं भरून वर पाचशे! पद्धत जुनी आहे, आणि पहिला तासभर ती छान चालते. मेहुण्याने साडेतीन हजार मिळवले, ते वेगळ्या खिशात टाकले आणि माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं पाहिलं.

मग काळा आला. पुन्हा काळा. मग शून्य. मग काळा, काळा.

"आता लाल चुकायचा नाही," म्हणत त्याने सोळा हजार सरकवले. माँटे कार्लोच्या कॅसिनोत १९१३ साली काळा ओळीने २६ वेळा आला होता, आणि लोक असंच म्हणत लालवर लावून बुडाले होते. चक्राला मागचं काही आठवत नाही. आठवतं ते आपल्याला.

सहाव्यांदा काळाच आला.

चाळीसातले साडेएकतीस हजार गेले होते. सातव्या डावाला बत्तीस हजार हवे होते. मेहुण्याने माझं मनगट धरलं. हात गार पडला होता. "दाजी, तुमच्या खात्यात आहेत ना? एकच डाव. बहिणीला कळायचं नाही."

खोटं कशाला सांगू? माझा हात खिशात गेला. धर्मराजाला हसणारा मी, त्या क्षणी कार्ड असतं तर देऊन बसलो असतो. कार्ड ट्रंकेत होतं.

चक्र फिरलं. लाल आला.

परतीच्या वाटेवर आंबोलीपर्यंत तो बोलला नाही. मग एवढंच म्हणाला, "दिले असते तर..." आणि त्याचं खरं होतं! त्या एका डावापुरतं.

घरी येऊन मी कागदावर हिशेब मांडून दाखवला. असे ओळीने सहा डाव सरासरी पंचावन्न खेळ्यांत एकदा हुकतात. चोपन्न खेळ्यांत पाचशेप्रमाणे सत्तावीस हजार मिळवायचे, आणि पंचावन्नाव्या खेळीत साडेएकतीस हजार घालवायचे! त्याने कागद पाहिला, घडी केली आणि खिशात ठेवला. पटला की नाही, विचारलं नाही. माझे दोन हजार गेले होते. ते मी संध्याकाळचं तिकीट म्हणून लिहून टाकले.

स्लॅब दिवाळीआधी पडायचा, तो संक्रांतीनंतर पडला. यंदा पाडव्याला मेहुणा आमच्याकडे यायचा आहे. मी बँकेतून नाण्यांची मोड आणून ठेवली आहे.