बेचाळीस वजा सतरा

कोपरखैरणे, नवी मुंबई

प्रिय छकुली,



डी.एल.एड.ला प्रवेश मिळाल्याचं सांगताना तू म्हणालीस, ‘‘मावशी, गणिताचं तेवढं टेन्शन आहे. पण पहिली-दुसरीला असतं काय? निभावून नेईन.’’ तेव्हापासून तुला लिहायचं मनात होतं. शिक्षक पात्रता परीक्षेच्या, म्हणजे टीईटीच्या, पहिल्या पेपरात 150 पैकी 30 गुण गणिताचे असतात, पण मला त्यांची काळजी नाही. ते तू मिळवशील. मला काळजी तुझ्या ‘निभावून नेईन’ची आहे.

शिकागो विद्यापीठातल्या बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 साली पहिली-दुसरीच्या 17 शिक्षिकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षाच्या सुरुवातीला बाईंना वाटणाऱ्या गणिताच्या भीतीचा आणि मुलांच्या गणिताचा काही संबंध नव्हता. वर्ष संपता संपता मात्र, गणिताला जास्त घाबरणाऱ्या बाईंच्या वर्गातल्या मुली ‘गणित मुलग्यांचं, वाचन मुलींचं’ असं जास्त मानू लागल्या होत्या. असं मानणाऱ्या मुलीच गणितात मागे पडल्या. मुलग्यांवर असा परिणाम दिसला नाही. अभ्यास छोटा आहे, पण माझा त्यावर विश्वास बसतो. बाईंचा चेहरा मुली पुस्तकाआधी वाचतात.

तुझी भीतीही तुझ्याबरोबर जन्माला आलेली नाही. शाळेत पाढा अडला की तुला उभं ठेवत. अपूर्णांकांच्या भागाकारात ‘खालचा उलटा कर आणि गुण’ एवढंच सांगत, का ते कधीच नाही. पण अर्ध्या किलोत पावकिलो किती वेळा बसतो, हे भाजीवाल्यासमोर तुला विचार न करता कळतं. दोन वेळा. एक द्वितीयांश भागिले एक चतुर्थांश, उत्तर दोन, ते हेच. तुला गणित येत नव्हतं असं नाही. तुला गणिताचं कारण कुणी दिलं नव्हतं.

2019 चा जून आठवतो? बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘सत्तावीस’बरोबर ‘वीस सात’ असंही आलं आणि केवढा गदारोळ झाला! विधानसभेपर्यंत विषय गेला. गणित समितीच्या प्रमुख होत्या डॉ. मंगला नारळीकर. त्यांचं म्हणणं साधं होतं. आपण सात आधी बोलतो आणि दोन आधी लिहितो; ‘एकोणतीस’मध्ये तर तीस ऐकू येतात आणि लिहायचे असतात 29. लहान मूल इथे गोंधळतं. कन्नड-तेलुगूत दशक आधी बोलतात, तिथे ही अडचण नाही. जुनी नावं काढून टाकलेली नव्हती, तरी टिंगल थांबेना. नवी नावं रुळावीत की नाही, यावर वाद होऊ शकतो. पण एवढ्या मोठ्या गणिती बाई सात वर्षांच्या मुलाला नेमकं कुठे अडतं ते शोधत बसल्या, हे मला फार मोलाचं वाटतं. 2023 मध्ये त्या गेल्या. त्यांचं ‘गणितगप्पा’ मिळव आणि वाच.

आणि छकुली, ज्याला कधी अडलंच नाही त्याला दुसऱ्याचं अडणं दिसायला वेळ लागतो. तुला ते लगेच दिसेल. मात्र त्यासाठी तुला आधी स्वतःचं अडलेलं सोडवावं लागेल, आणि तेही पाठांतराने नाही. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांध. बेचाळीसमधून सतरा काढ. दोनातून सात जात नाहीत, म्हणून एक गठ्ठा सोड. आता सुट्या काड्या बारा झाल्या. ‘हातचा’ म्हणून जे नुसतं घोकलंस, ते हाताने होताना बघ. लाजू नकोस, दार लावून कर हवं तर.

आंतरवासितेत सगळ्या जणी पहिला पाठ मराठीचा किंवा परिसर अभ्यासाचा मागतील. तू दुसरीचा वर्ग माग आणि हीच वजाबाकी घे. एखाद्या मुलीने ‘असं का?’ विचारलं आणि उत्तर सुचलं नाही, तर तिला गप्प बसवू नकोस. ‘उद्या सांगते’ म्हण, आणि दुसऱ्या दिवशी नक्की सांग.

तुझी,
मावशी