पाय, कंठ आणि हृदय

कुंभकोणम्‌हून मायिलाडुदुरैकडे जाणाऱ्या रस्त्यावर गोविंदपुरम् हे लहानसे गाव लागते. नामसिद्धान्ताचे आचार्य बोधेंद्र सरस्वती यांचे अधिष्ठान येथे आहे. आणि २०११ साली येथेच विठ्ठल-रुक्मिणीच्या मंदिराची प्रतिष्ठापना झाली. मराठी अभंग तमिळ वळणाने गायिला जातो तो येथे. तंजावरी मराठी घरातले एक निवृत्त संस्कृतशिक्षक उतारवयात या गावी येऊन राहिले, ते या गायनाच्या ओढीनेच. भजनात उभे राहावे, पावली धरावी, टाळ वाजवावा आणि चार अभंग मोकळ्या गळ्याने म्हणावेत, एवढीच त्यांच्या वार्धक्याची मागणी होती.

रक्तदाब वाढलेला आणि चालताना छातीत कळ येणारी. त्यावर त्यांना अ‍ॅम्लोडिपिन सुरू झाले. कळ थांबली, परंतु काही महिन्यांत घोटे सुजू लागले. हे औषध सूक्ष्म रोहिण्या सैल करते, शिरांना मात्र तेवढे सैल करीत नाही. त्यामुळे केशवाहिन्यांतील दाब वाढून पाणी बाहेर झिरपते आणि दिवसभरात पायांशी साचते. पावली सुटली. डॉक्टरांनी औषध बदलून एनालाप्रिल दिले. सूज ओसरली, पाय पुन्हा ठेक्यावर पडू लागले.

आणि मग खोकला आला. कफ नाही, ताप नाही. घशात अखंड खवखव. अभंगाचा पहिला चरण कसाबसा पार पडे, दुसऱ्यात आवाज तुटे. त्यांनी दोष दिला तो पावसाळ्याला, कावेरीच्या पाण्याला, उदाच्या धुराला, अखेर वयाला. घरात सुंठेची कॉफी झाली, मिरपूड घातलेले दूध झाले. गोळीचा संशय एकदा आला, तेव्हा त्यांनी कोणालाही न विचारता चार दिवस ती बंद ठेवली. खोकला तसाच राहिला आणि डोके जड झाले. गोळी निर्दोष आहे, असा निष्कर्ष काढून ते भजनात मागच्या रांगेत बसू लागले.

निष्कर्ष तर्कशुद्ध होता, पण चुकीचा. हा खोकला चार दिवसांत जात नाही; गोळी थांबल्यावरही त्याला सहसा एक ते चार आठवडे लागतात, क्वचित त्याहून अधिक. एनालाप्रिल ज्या विकराला अडवून रक्तदाब उतरवते, तोच विकर शरीरातील ब्रॅडिकायनिन या द्रव्याचेही विघटन करीत असतो. विकर अडला की ते द्रव्य श्वासमार्गात साचते आणि खोकल्याची संवेदना जागी ठेवते. या ब्रॅडिकायनिनचा शोध ब्राझीलमध्ये १९४९ साली एका विषारी सापाच्या गरळाच्या अभ्यासातून लागला. त्याच सापाच्या गरळापासून सुरू झालेल्या संशोधनाची परिणती पुढे या वर्गातील कॅप्टोप्रिल या औषधात झाली. त्याच १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण ब्रिटिश हृदयरोग-नियतकालिकातून जगापुढे मांडला. सर्पगंधेतील रेसर्पिनही रक्तदाब उतरवी. परंतु त्याच्या सेवनाने काही रुग्णांच्या मनावर विषण्णतेची छाया पडल्याचे पुढे नोंदले गेले. आपण ज्याला दुष्परिणाम म्हणतो तो पुष्कळदा औषधाचा मूळ परिणामच असतो. फक्त तो आपल्याला नको त्या ठिकाणी घडलेला असतो.

ही किंमत कोणत्या ठिकाणी मोजावी लागते, हे मात्र रक्तदाबाच्या आकड्यात उमटत नाही. तपासणीच्या वेळी आकडा उत्तम होता. डॉक्टरांनी तमिळमध्ये विचारले, ‘काही त्रास?’ ते ‘काही नाही’ म्हणाले. हृदयाच्या डॉक्टरांपुढे घशाची तक्रार काय करायची, हा संकोच. शेजारी बसलेल्या पत्नीला राहवले नाही. ‘अहो, गाणं बंद झालंय तुमचं, तेवढं तरी सांगा,’ ती मराठीत म्हणाली. मग ते सारे बोलले. चार दिवसांच्या प्रयोगासकट. डॉक्टरांनी एनालाप्रिल थांबवून लोसार्टन दिले. तेही त्याच साखळीवर काम करते, पण एक पायरी पुढे, त्या विकराला हात न लावता. गोळी स्वतःहून बंद करायची नाही आणि खोकल्याला महिनाभर वेळ द्यायचा, एवढे बजावले.

सरफोजी राजांच्या (कारकीर्द १७९८ ते १८३२) काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. त्यांत रुग्णांच्या डोळ्यांची चित्रेही काढलेली आहेत. डोळ्याचे चित्र काढता येते. तुटलेल्या चरणाचे चित्र काढता येत नाही. ते ज्याचे त्यानेच सांगावे लागते. नामसिद्धान्ताच्या दृष्टीने मनातल्या मनात घेतलेले नामही वाया जात नाही, आणि या श्रद्धेच्या आधारे ते शिक्षक गप्प राहू शकले असते. पण गप्प राहणे म्हणजे शांती नव्हे, हे त्यांना कळून चुकले होते.

खोकला पाच आठवड्यांनी गेला. आवाज पूर्वीइतका वर जात नाही. त्याचे कारण मात्र आता खरोखरच वय आहे. एकादशीला ते पुढच्या रांगेत उभे होते. दुसरा चरण तुटला नाही.