तुरट

रसचर्चा हा आमचा पोटापाण्याचा व्यवसाय. भरताच्या रससूत्रावर आम्ही तिघे दरवर्षी न चुकता व्याख्याने देतो. परंतु गेल्या मार्चमध्ये निफाड तालुक्यातील एका सहकाऱ्याच्या ओसरीवर नाशिकच्या शिराझची बाटली उघडली, तेव्हा पहिल्या घोटानंतर आमच्यापैकी एकालाही धड वाक्य सुचले नाही.

बाटलीच्या पाठीवर वर्णन होते : प्लम, ब्लॅकबेरी. ब्लॅकबेरी आम्ही कधी चाखलेली नाही (इंग्रजी कवितेत भेटली, तेवढीच). वास्तविक शब्द घरचाच होता. षड्रसांतला शेवटचा, कषाय, बोलीत तुरट. द्राक्षाच्या सालीतले टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसते आणि जीभ ओढल्यासारखी होते. मागाहून मिऱ्याचा वास येतो. तो भास नव्हे; मिऱ्याला वास देणारे रोटंडोन हे द्रव्य शिराझच्या द्राक्षातही असते. युरोपात खुडणी सप्टेंबरच्या सुमारास. आपल्याकडे ऑक्टोबरच्या छाटणीनंतर फेब्रुवारी-मार्चच्या चढत्या उन्हात. त्यामुळे साखर भरते, आम्ल उतरते आणि मद्यात एक ऊब राहते. बाटली आधी पाण्याच्या बादलीत ठेवली होती, हे बरे झाले.

जेवायला मटणाचा काळा रस्सा होता. तांबड्या वाइनला मटण, हे पुस्तकी ज्ञान तिथे फसले. तिखटाने मद्याची आग वाढली, मद्याने तिखटाची. मधल्या मध्ये मटण हरवले. जमले ते वांग्याच्या भरिताशी. चुलीचा धूर, बाजरीची भाकरी आणि वर लोण्याचा गोळा. स्निग्धतेने तुरटपणाची धार बोथट झाली, आणि फळ प्रथमच जिभेवर आले.

सहकाऱ्याचे वडील, अण्णा, बाजेवर बसून हे सारे पाहत होते. 2001 साली राज्याचे द्राक्ष-प्रक्रिया धोरण आले, त्यानंतरच्या उत्साहात त्यांनीही दोन एकर वाइनची द्राक्षे लावली होती. 2009च्या सुमारास मंदी आली. करार करणाऱ्यांनी माल उचलला नाही. ते द्राक्ष खायच्या बाजारात चालत नाही, लहान आणि बियांचे. अण्णांनी बाग उपटून पुन्हा थॉम्पसन लावली. आपल्या द्राक्षाचे काय होते, ते त्यांनी कधी चाखले नव्हते.

"अण्णा, घोटभर घेऊन तर बघा."

त्यांनी घेतला. तोंड वाकडे होईल असे आम्हांला वाटले होते. "जांभळावानी लागती," ते म्हणाले, आणि आत हाक दिली, "मीठ आण गं जरा."

आम्ही चिमूटभर मीठ जिभेवर ठेवून पुन्हा घोट घेतला. तुरटपणा खरोखरच मागे सरला.

अण्णांनी दुसरा घोट घेतला नाही. पेला दिव्यापुढे धरून ते बराच वेळ रंग पाहत राहिले.

"एकरात किती बाटल्या व्हत आसतील रे?"

सहकारी भाकरी मोडत राहिला.