अतिथी संपादक आणि बहात्तरचा अंक

अतिथी संपादक म्हणजे ज्याचे नाव अंकाच्या मुखपृष्ठावर छापले जाते, पण ज्याच्या सहीवाचून अंक छापखान्यात जाऊ शकतो असा माणूस. नियतकालिकांच्या नियमावलीत ही व्याख्या सापडत नाही. तिथे आखणी, निवड आणि संपादन यांची तात्पुरती जबाबदारी घेणारा विषयतज्ज्ञ, असे काहीतरी लिहिलेले असते, आणि तेही चूक नसते. जबाबदारी खरोखरच त्याची असते. अधिकार कोणाचा, हे मात्र अंक बांधून हातात पडल्यावर कळते. प्रस्तुत लेखकाला ते १९७२च्या दुष्काळाला पन्नास वर्षे झाल्याच्या निमित्ताने निघालेल्या एका विशेषांकामुळे कळले.

संशोधन-नियतकालिकाचा विशेषांक आणि दिवाळी अंकातला परिसंवाद या वेगळ्या गोष्टी आहेत. दिवाळी अंकाचा संपादक लेखक ठरवतो, लेख मागवतो आणि आलेला लेख सहसा छापतोच. विशेषांकात निमंत्रणावरून आलेला लेखही परीक्षणाला जातो आणि तिथे नापास होऊ शकतो. निमंत्रितांना हे आधीच सांगावे लागते. ज्येष्ठांना सांगताना जीभ अडखळते; पण न सांगितल्यास पुढे बोलणेच बंद होते.

कामाची सुरुवात संकल्पना-टिपणापासून होते. विषय कोणता, तो आत्ताच का, त्यावर काय लिहून झाले आहे आणि काय राहिले आहे, एवढे दोन पानांत मांडायचे. बहात्तरच्या दुष्काळावर लिहून झालेले पुष्कळ आहे. १९७०-७१पासून ओळीने तीन वर्षे पिके बुडाली, १९७३च्या मे महिन्यात सुमारे ५० लाख माणसे सरकारी दुष्काळी कामांवर होती, मुख्यमंत्री वसंतराव नाईक, रोजगार हमीची कल्पना लावून धरणारे वि. स. पागे, सुखटणकर समिती, विलासराव साळुंखे यांची नायगावची पाणी पंचायत, ही उजळणी प्रत्येक अभ्यासकाला तोंडपाठ असते. राहिले होते ते कामावरचे रोजचे जगणे: हजेरी कशी लागे, मजुरी कशी निघे, सुकडी कोण वाटे, तान्ही पोरे कुठे ठेवत. टिपणाचा सगळा भर यावर होता. लेख पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो भाग वाचला नसावा.

आवाहन निघाले की आधी लेख येत नाहीत, फोन येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६च्या नियमांनुसार पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी संशोधन-नियतकालिकात एक लेख प्रसिद्ध झालेला असणे सक्तीचे होते, आणि प्राध्यापकांच्या बढतीलाही आयोगाच्या मान्य नियतकालिकांच्या ‘केअर’ यादीतले नियतकालिक लागे. त्यामुळे फोनवरचा पहिला प्रश्न, ‘यादीत आहे ना?’ आणि दुसरा, ‘स्वीकृतिपत्र कधी मिळेल?’ लेख अजून लिहायचाच असे. ७ नोव्हेंबर २०२२च्या नव्या नियमांत पीएच.डी.साठीची ती अट निघाली आणि फोन विरळ झाले. परीक्षणाला गेलेले काही लेख लेखकांनी परतही मागितले. पुढे २०२५च्या फेब्रुवारीत विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘केअर’ यादीच मोडीत काढली. जिच्यासाठी लोकांनी एवढा जीव काढला ती यादी गेली, आणि नियतकालिके होती तिथेच आहेत.

परदेशात अतिथी संपादनाची पद्धत दुसऱ्याच कारणाने बदनाम झाली. ‘वायली’ या बड्या प्रकाशकाने जानेवारी २०२१मध्ये सुमारे २९ कोटी ८० लाख डॉलर मोजून ‘हिंदावी’ ही संस्था विकत घेतली. तिचे विशेषांक लेखकांकडून मिळणाऱ्या शुल्कावर चालत. लेख पाडून विकणाऱ्या टोळ्यांनी त्यांत शिरकाव केला, परीक्षणाचा नुसता देखावा झाला, आणि एकट्या २०२३ या वर्षात ८,०००हून अधिक लेख मागे घ्यावे लागले. तिथला धडा असा काढला गेला की अतिथी संपादकाच्या हाती फार सोपवू नये. शुल्क घेऊन आठवड्याभरात छापून देणारी दुकाने इथेही आहेत, ती सोडून द्यावीत; पण वर्गणी आणि तुटपुंजे अनुदान यांवर चालणाऱ्या मराठी नियतकालिकाचे दुखणे नेमके उलटे आहे. पाहुण्याला पाटावर बसवतात, पण ताटात काय वाढायचे ते आतून ठरते.

लेख हाती आल्यावर पहिले काम तथ्ये ताडून पाहण्याचे. हे काम परीक्षकांचे, अशी समजूत आहे; परीक्षक ते करत नाहीत. रोजगार हमी योजनेचा आरंभ कुणी १९७२ देतो, कुणी १९७७, कुणी १९७९, आणि तिघेही आपापल्या परीने बरोबर असतात. योजना १९७२मध्ये जाहीर झाली आणि लगेच दुष्काळी कामांच्या रेट्यात मागे पडली. कायदा १९७७चा, आणि त्याचा अंमल २६ जानेवारी १९७९पासून. एकाच अंकात तीन सनावळ्या छापून वाचकाला गोंधळात टाकणे बरे नव्हे, म्हणून हे प्रत्येक लेखकाला कळवावे लागले. दुसरी हमखास येणारी गोष्ट गाजरगवताची. अमेरिकेतून आलेल्या लाल मिलो ज्वारीबरोबर बहात्तर साली हे गवत महाराष्ट्रात आले, असे गावोगाव सांगतात आणि लेखांतही ते तसेच उतरते. प्रत्यक्षात या गवताची पुण्यातली नोंद १९५०च्या दशकातली आहे. एका लेखकाने दुरुस्ती मान्य केली नाही. आपल्या आजीने डोळ्यांनी पाहिले होते, असे त्याचे म्हणणे. तडजोड म्हणून ‘असे मानले जाते’ हे तीन शब्द घालण्यात आले. मराठी संशोधनात या तीन शब्दांनी बरेच प्रश्न सोडवले आहेत.

परीक्षणात लेखकाचे नाव परीक्षकाला आणि परीक्षकाचे नाव लेखकाला कळू नये, असा दंडक आहे. बहात्तरच्या दुष्काळावर मराठीत लिहिणारी माणसे एकमेकांना ओळखून असतात. दुसऱ्या परिच्छेदापर्यंत परीक्षकाने लेखक ओळखलेला असतो, आणि शेरे वाचून लेखकही परीक्षक ओळखतो. तरीही दंडक पाळावा. निदान उघड शिव्या तरी टळतात. परीक्षकाला मानधन नसते, आठवण करून दिलेली आवडत नाही आणि मुदत मान्य असते पण लक्षात नसते.

या अंकातल्या एका लेखाची हकीकत जरा सविस्तर दिली पाहिजे. लेखक एका दुष्काळी तालुक्यातले, बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले कारकून. लेख आखीव फुलस्केपवर हाताने लिहिलेला, विषय एवढाच की खडी मोजत कशी. दुष्काळी कामावर मजुरी मिळे ती अंगावरच्या कामाची, म्हणजे जेवढी खडी फोडली तेवढ्याची. फोडलेल्या खडीचा ढीग रचायचा, त्याची लांबी, रुंदी, उंची टेपने घ्यायची आणि शंभर घनफुटांचा एक ब्रास या हिशेबाने आकार काढायचा. ढीग सैल असतो म्हणून पोकळीपोटी काही टक्के वजा करायचे. कारकुनांचे म्हणणे असे की या दोन जागीच सगळे घडे. ढीग मध्ये उंच आणि कडेला उतरता. पट्टी कुठे उभी धरली यावर टोळीची आठवड्याची ज्वारी ठरे. वजावट किती, हे कागदावर ठरलेले असले तरी एका कामावर एक आणि शेजारच्या कामावर दुसरीच धरली जाई. पैसे टोळीच्या म्होरक्याच्या हाती पडत आणि वाटणी पुढे होई. त्यांच्या वहीत ढिगाचे माप, धरलेली वजावट, निघालेली रक्कम, टोळीतली माणसे आणि माणशी वाटा असे पाच रकाने होते. सगळ्या बायकांची एक टोळी होती. तिची वजावट वहीत सलगपणे इतरांहून जास्त दिसते. कारकुनांनी त्यावर काहीच भाष्य केले नव्हते. तक्ता देऊन ते पुढच्या मुद्द्याकडे गेले होते.

पहिल्या परीक्षकाचा अभिप्राय: सैद्धान्तिक चौकट नाही, पूर्वसंशोधनाचा आढावा नाही, संदर्भसूची नाही, सबब अस्वीकार्य. दुसऱ्याने लेख आहे तसा छापावा असे लिहून दोन प्रश्न विचारले: मूळ वही उपलब्ध आहे का, आणि दर कोणत्या आदेशाने ठरत. कारकुनांनी वहीच्या पानांच्या झेरॉक्स रजिस्टर टपालाने धाडल्या. मतभेद असल्यामुळे लेख तिसऱ्याकडे गेला. त्याने अनुकूल मत दिले. लेख स्वीकारल्याचे पत्र नियतकालिकाच्या छापील कागदावर, जावक क्रमांकासह गेले. संपूर्ण अंकात नवी माहिती देणारा लेख तो एकच होता, असे म्हणणे इतरांवर थोडे अन्यायाचे होईल, पण थोडेच.

यानंतरचा टप्पा अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधनाचा. बऱ्याच जणांचे लेख अजूनही जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेले येतात. अशा मजकुराचे रूपांतर करताना ‘खडी फोडणाऱ्या’ याचे ‘खडी फोडणार्या’ होते, ऱ्हस्व वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात आणि रफार उडतो. उचलेगिरी तपासणाऱ्या संगणकीय चाळणीला तर हे फाँट वाचताच येत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य माफ आहे. जुन्या फाँटातल्या लेखात साम्य शून्य निघते, मग तो जसाच्या तसा उतरवलेला का असेना. चाळणीचा अहवाल जोडून अभिमानाने पाठवलेला असाच एक लेख केवळ एका परीक्षकाच्या स्मरणशक्तीमुळे पकडला गेला.

अतिथी संपादकाकडे पहिले मुद्रित आले, दुसरे आले. शेवटचे आले नाही. बांधलेला अंक आला.

अनुक्रमणिकेत कारकुनांचा लेख नव्हता. तो सापडला अखेरीस, ‘वाचकांचा पत्रव्यवहार’ या सदरात, बारीक टायपात, कापून दोन पानांच्या आत आणलेला. पाचही रकान्यांचा तक्ता गाळलेला. वर ‘मा. संपादक यांस,’ असा मायना आणि खाली ‘आपला विश्वासू’ अशी जोड कार्यालयाने स्वतः दिलेली. तीन परीक्षकांच्या हातून गेलेल्या संशोधनाचे पत्र झाले होते. मोकळ्या झालेल्या पानांवर दुष्काळावरचे एक सर्वसाधारण चिंतन आले होते. ते कोणत्याही परीक्षकाने पाहिलेले नव्हते, आणि लेखक संपादक मंडळाच्या घरोब्यातले होते. यावर कडी म्हणजे अतिथी संपादकाची प्रस्तावना जशीच्या तशी राहिली होती. तिच्यात खडीच्या लेखाची ओळख होती, बायकांच्या टोळीच्या रकान्याकडे वाचकांचे लक्ष वेधलेले होते. वाचक तक्ता शोधत बसले.

विचारणा केल्यावर मिळालेली कारणे अशी: लेखकमाहितीच्या तक्त्यात ‘पद व संस्था’ हा रकाना कोरा होता आणि निवृत्त कारकून असे लिहिल्यास यादीच्या तपासणीत अडचण आली असती, पाने वाढली होती, आणि पत्र म्हणून का होईना, आले ना? पहिले कारण आजही डोक्यातून जात नाही. ज्या माणसाने पन्नास वर्षे वही जपली त्याला संस्था नाही, म्हणून तो संशोधक नाही. आणि ज्याला संस्था आहे त्याला तक्त्याची गरज नाही. कारकून स्वतः मात्र रागावले नाहीत. नाव छापून आल्याचा त्यांना आनंद झाला, त्यांनी जास्तीच्या प्रती मागवून नातेवाइकांत वाटल्या, आणि तक्ता जागेअभावी राहिला असेल, असे त्यांनीच अतिथी संपादकाला समजावले. त्यामुळे भांडणाचा अर्धा आधार गेला.

अतिथी संपादकत्व स्वीकारणाऱ्याने तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: शेवटचे मुद्रित त्याच्या सहीशिवाय जाणार नाही, लेखांचा क्रम आणि सदर बदलणार नाही, आणि परीक्षण न झालेला मजकूर त्याच्या नावाखाली छापला जाणार नाही. मान्य न झाल्यास नाव काढून घ्यावे. प्रत्यक्षात ते काढता येत नाही, कारण तोवर इतर लेखकांची वर्ष-दीड वर्षाची मेहनत त्या अंकात अडकलेली असते. शिवाय कायम संपादकाचीही एक बाजू आहे. तो बिनपगारी काम करतो, अनुदान रखडले की कागदाचे बिल स्वतःच्या खिशातून भागवतो, आणि पाहुणा एक अंक करून निघून गेल्यावर रोषाची पत्रे त्यालाच उघडावी लागतात. त्याला शेवटचा शब्द सोडवत नाही, हे समजण्याजोगे आहे, समर्थनीय नाही. परीक्षणाविषयीही आता पूर्वीइतके ठामपणे बोलवत नाही. नियमाने चालले असते आणि पहिल्याच परीक्षकावर थांबले असते, तर तो लेख पत्र म्हणूनही आला नसता. घुसडलेले चिंतन, खरे सांगायचे तर, वाचायला अंकातल्या निम्म्या लेखांपेक्षा बरे आहे.

प्रकाशनानंतरची कामे किरकोळ पण वेळखाऊ असतात. लेखकांना प्रती पाठवणे, पत्ते बदललेल्यांच्या परत आलेल्या प्रती पुन्हा पाठवणे, दुरुस्त्या कळवणे. तक्ता पुढील अंकात छापावा, असे कार्यालयाला लेखी कळवल्यावर शुद्धिपत्र आले. त्यात प्रस्तावनेतील ‘लेख’ या शब्दाऐवजी ‘पत्र’ असे वाचावे, अशी सूचना होती. मानधनाचा प्रश्न मराठीत येत नाही. परीक्षकांचे अभिप्राय आणि पत्रव्यवहार यांची फाइल रीतीप्रमाणे नियतकालिकाच्या कार्यालयात जमा करायची असते. या अंकाची फाइल तिथे आहे. वहीच्या झेरॉक्स तेवढ्या अतिथी संपादकाने स्वतःकडे ठेवल्या असून कारकुनांच्या संमतीने मागेल त्या अभ्यासकाला तो त्या पाठवतो.