वाघरीबाहेरची थंडी

सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या पूर्वेकडील माण, खटाव, आटपाडी, जत हे तालुके पर्जन्यछायेत, म्हणजे सह्याद्रीने पाऊस पश्चिमेलाच अडवल्यामुळे कोरड्या राहिलेल्या पट्ट्यात येतात; तेथे हिवाळ्यात आकाश निरभ्र आणि झाडोरा विरळ असल्याने जमिनीने दिवसभर साठवलेली ऊब सूर्य मावळताच झपाट्याने निघून जाते. अशा माळावर धनगराचा तळ पडला, की मेंढरे वाघरीत, म्हणजे खुंट्यांना ताणून बांधलेल्या जाळीच्या कुंपणात, एकमेकींना खेटून निजतात, कोंबड्या डालग्याखाली जातात, मेंढपाळ घोंगडी लपेटून घेतो आणि कुत्रा मात्र लांडग्याच्या वाटेवर, वाघरीबाहेर, उघड्यावर राहतो. ज्या लोकरीची तो राखण करतो, तिची ऊब त्याच्या वाट्याला क्वचितच येते.

या मुलखातील कुत्र्याची ठेवण मुळात उन्हासाठीची आहे. कारवान, ज्याला सीमेपलीकडील मुधोळ संस्थानावरून मुधोळ हाउंड असेही म्हणतात आणि ज्याचे चित्र भारतीय टपाल खात्याने २००५ साली तिकिटावर छापले, तो लांब पायांचा, खोल छातीचा, पोट आत ओढलेला आणि आखूड केसांचा धावणारा प्राणी आहे. थंड प्रदेशांतील कुत्र्यांच्या बाह्य केसांखाली जी दाट, मऊ लव असते आणि जिच्यात हवा अडकून ऊब टिकते, ती त्याच्या अंगावर नाही, आणि कातडीखाली चरबीही बेताचीच आहे. कुत्र्याच्या शरीराचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास राहावे लागते, आणि ते राखण्यासाठी तो नाक शेपटीखाली खुपसून वेटोळे करतो, म्हणजे वाऱ्याला उघडे पडणारे अंग शक्य तितके कमी करतो.

कृष्णाकाठी, कराड आणि वाळव्याच्या ऊसपट्ट्यात, कुत्र्यांनी थंडीवर स्वतःच तोड काढलेली दिसते. गुऱ्हाळाचे चुलवाण, म्हणजे काहिलीखालची मोठी भट्टी, रात्री विझत आली, की आसपासची कुत्री तोंडाशी वाळत घातलेल्या चिपाडांच्या ढिगात खळगा उकरतात, दोनतीनदा गोल फिरून तो अंगाने दाबून घेतात आणि पाठ भट्टीच्या भिंतीला लावून पडतात. ही जागा निर्धोक मात्र नव्हे, कारण वरून थंड दिसणाऱ्या राखेच्या पोटात निखारा राहतो आणि पोळलेली पावले पहाटेच लक्षात येतात.

सर्वांत बिकट अवस्था पिल्लांची होते. गावकुत्र्यांचा माजाचा काळ बहुधा भाद्रपदात येतो, गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो, म्हणजे पिल्ले जन्मतात ती कार्तिक-मार्गशीर्षात, ऐन थंडीच्या तोंडी. आणि पहिल्या काही आठवड्यांत त्यांना अंगाची ऊब स्वतः राखता येत नसल्यामुळे आई अन्नासाठी दूर गेली, की ती एकमेकांवर चढून ढीग करतात. गटारीच्या कडेला किंवा ओल्या फरशीवर व्यालेल्या कुत्रीची पिल्ले म्हणूनच एका रात्रीत दगावतात.

निवाऱ्याला खर्च थोडा आणि विचार अधिक लागतो. सहृदय माणसे सहसा गोणपाट अंथरतात, परंतु गोणपाट दहिवर शोषून ओले राहते आणि ओले अंथरूण कोरड्या जमिनीहून वाईट ठरते. त्यापेक्षा पाटण किंवा शिराळ्याकडचा भाताचा पेंढा चांगला, कारण त्याच्या पोकळ काड्यांत हवा धरून राहते आणि कुत्र्याला त्यात शिरून बसता येते. उसाचे पाचट सहज मिळते, पण त्याची धारदार पाने पिल्लांच्या डोळ्यांना इजा करतात. खोके विटांवर चार बोटे उचललेले, कुत्र्याला उभे राहून वळता येईल इतकेच मोठे आणि दक्षिणेकडे तोंड केलेले असावे, म्हणजे उत्तर-पूर्वेकडचा बोचरा वारा पाठीवर अडतो आणि दिवसा ऊनही आत येते. फार मोठे खोके कुत्र्याच्या अंगाच्या उबेने तापत नाही.

पाळलेल्या जनावराला पुरेसे अन्न, पाणी आणि निवारा न देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० अन्वये गुन्हा आहे. बिनमालकाच्या कुत्रीसाठी पडवीचा एक कोरडा कोपरा माघ सरेपर्यंत मोकळा ठेवावा आणि पेंढा भिजला, की त्याच दिवशी बदलावा.