विनामूल्य वाटाड्या

देशाटन हे श्रीमंतांचे व्यसन आहे, अशी एक समजूत आपल्या मध्यमवर्गात फार दिवसांपासून रूढ आहे. मुलांचे शिक्षण, घराचे हप्ते आणि औषधपाणी यांतून काही शिल्लक उरलीच, तर ती प्रवासावर खर्चावी असे आम्हां संसारी माणसांस सहसा वाटत नाही. रोमची किंवा प्रागची चित्रे पाहून आम्ही एक निःश्वास टाकतो आणि दिनदर्शिकेचे पान उलटतो. गतवर्षी जर्मनीहून आलेल्या आमच्या पुतण्याच्या पत्राने मात्र या समजुतीला चांगलाच धक्का दिला.

हा पुतण्या तिकडे शिष्यवृत्तीवर शिकतो. तेव्हा त्याच्या खिशाची स्थिती निराळी सांगावयास नको. तरीही बर्लिन आणि प्राग ही दोन्ही शहरे त्याने मनसोक्त पाहिली, आणि तीही पायी. तिकडे अशी चाल आहे की, ठरल्या वेळी ठरल्या चौकात एक वाटाड्या रंगीत छत्री उघडून उभा राहतो. ज्याला यावयाचे असेल त्याने यावे, दोन-अडीच तास त्याच्यामागून हिंडावे आणि शेवटी मर्जीस येईल ते त्याच्या हातावर ठेवावे. काहीच न ठेवले तरी तो हटकीत नाही. या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये या चालीस संघटित रूप आले आणि पुढे ती युरोपभर पसरली. प्रागच्या जुन्या नगरचौकात, १४१० सालच्या ज्योतिष-घड्याळाजवळ, अशा छत्र्या नित्य दिसतात म्हणे. परंतु पत्राच्या अखेरीस त्याने एक मार्मिक गोष्ट लिहिली होती. काही संस्था या वाटाड्यांकडूनच माणशी ठरावीक रक्कम वसूल करतात. ऐकणारा हात हलवीत निघून गेला, तर सांगणाऱ्याच्या पदरचे जाते. “काका, फुकट असे काही नसतेच, कोणीतरी ते भरीत असतो,” हे त्याचे वाक्य आमच्या मनात रुतून बसले.

आमचे बिऱ्हाड दौंडास. १८७८ साली येथून मनमाडकडे लोहमार्ग निघाला, तेव्हापासून दौंड म्हणजे गाडी बदलण्याचे ठिकाण, एवढीच त्याची ख्याती. शिरूरचेही तसेच, पुणे-नगर रस्त्याने जाणाऱ्यांनी चहा घ्यावा आणि पुढे सुटावे. या दोन गावांच्या आसपास तरी आम्ही पायी काय पाहिले आहे, असा प्रश्न आम्ही उभयतांनी एकमेकांस केला आणि दोघेही निरुत्तर झालो. युरोप आवाक्याबाहेर खरा. पण पाय तर घरचेच आहेत. एस. टी. मध्ये मार्च २०२३ पासून स्त्रियांस अर्धे भाडे पडते. भाकरी, पिठले आणि ठेचा फडक्यात बांधून आम्ही रविवारच्या रविवार निघू लागलो.

पहिली फेरी पेडगावची. दौंडाहून भीमेच्या उताराकडे, पलीकडच्या तीरावर अहिल्यानगर जिल्ह्यात हे गाव आहे. औरंगजेबाचा दूधभाऊ बहादूरखान कोका याने येथे मोगलांचा मोठा तळ वसविला. त्यावरून किल्ल्यास बहादूरगड हे नाव पडले. फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वरी पकडलेल्या संभाजी महाराजांस याच ठिकाणी बादशहापुढे आणण्यात आले, आणि ११ मार्चला त्यांचा वध झाला. तटाच्या आत लक्ष्मीनारायणाचे यादवकालीन देऊळ आहे. त्याच्या भिंतींवरील कोरीव काम पाहण्यात आम्ही गुंतलो असता, शेळ्या चारणारे एक वृद्ध गृहस्थ काठी टेकीत जवळ आले आणि कोणी न सांगता आमचे वाटाडे झाले. पडक्या भिंती, नदीचे पाणी वर चढविण्याच्या जागा, सारे त्यांनी हिंडून दाखविले. पुढे एका दगडाशी थांबून ते हलक्या आवाजात म्हणाले, “राजांना हितं उभं केलं हुतं.”

“बाबा, हाच दगड कशावरून?” आम्ही विचारले.

“माझ्या आज्यानं सांगितलं. आज्याला त्येच्या आज्यानं. म्या काय पाह्यलं न्हाई.”

हे उत्तर आम्हांस फार मोलाचे वाटले. महाराजांस या तळावर आणले याला इतिहासाचा आधार आहे. तो विशिष्ट दगड मात्र आजोबांच्या मुखातला आहे. ही सीमारेषा त्या निरक्षर माणसाने आपण होऊन आखून दिली. छापील पुस्तके लिहिणाऱ्या विद्वानांनाही हे नेहमी साधते असे नाही.

दुसरी फेरी शिरूरची. घोड नदीकाठच्या या गावी इंग्रजांची छावणी होती. १८०३ च्या असईच्या लढाईत मराठ्यांविरुद्ध लढलेला कर्नल विल्यम वॉलेस १८०९ मध्ये येथे वारला. आश्चर्य असे की, आसपासचे लोक या परकी शिपाईगड्यास सत्पुरुष मानून त्याच्या थडग्यापुढे ऊद जाळीत, अशी नोंद १८८५ च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये आहे. वाटेत भेटलेल्या एका निवृत्त मास्तरांस आम्ही याचे कारण विचारले. “न्यायी होता असे म्हणतात, त्यापलीकडे मला सांगता यायचे नाही,” असे ते म्हणाले आणि त्यांनी पदरचा चहा पाजून आमची बोळवण केली.

तिसरी फेरी इनामगावची, आणि तीच आमच्या चित्तास अधिक लागून राहिली. शिरूरहून वाहत येणारी घोड नदी दौंडाच्या वरच्या अंगास भीमेला मिळते. त्याआधी तिच्या काठी हे गाव लागते. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात येथील पांढरीचे टेकाड खणले, आणि इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची वसाहत उजेडात आली. तान्ही मुले गेली तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत त्यांना घरातील जमिनीखाली पुरीत. पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसविलेला पुरुष सापडला. केंद्रीय अभ्यासक्रमाच्या सहावीच्या पुस्तकात हा मजकूर अनेक वर्षे होता. दिल्लीच्या मुलांनी तो पाठ केला, आणि आम्ही दौंडात राहून ते गाव पाहिले नव्हते!

तेथे आज डोळ्यांना दिसण्याजोगे फारसे नाही. शेताच्या बांधावर भेटलेल्या एका शेतकऱ्याने मात्र ते गाव आमच्यापुढे उभे केले. लहानपणी त्यांनी या उत्खननावर मातीची घमेली वाहिली होती. साहेब लोक ब्रशाने माती कशी झाडीत, लहान मुलाचे मडके निघाले त्या दिवशी कामावरच्या बायांचे डोळे कसे भरून आले, हे सांगताना त्यांचाही आवाज कापरा झाला. निघताना आम्ही काही रक्कम पुढे केली.

“ताई, दारी आलेल्याला गाव दाखवायचं पैसं कुठं घेत्यात?” असे म्हणून त्यांनी ती परत केली. मग थोडे घुटमळून विचारले, “ती मडकी पुण्यात ठेवली हायती म्हणं. तुम्ही पाह्यलीत का? आम्ही मातीच वाहिली. धुऊन-पुसून कशी दिसत्यात, ते काय बघितलं न्हाई.”

पुतण्याचे वाक्य आम्हांस त्या क्षणी आठवले. ज्ञानाचा हा व्यवहार चाळीस वर्षे एकाच बाजूने चालला होता, आणि त्याची किंमत या माणसाने भरली होती. पुढच्या महिन्यात आम्ही त्यांस व त्यांच्या नातवास आगगाडीने पुण्यास नेऊन डेक्कन कॉलेजचे संग्रहालय दाखविले. इनामगावच्या वस्तूंपुढे ते बराच वेळ स्तब्ध उभे राहिले. नंतर नातवास हलक्या आवाजात सांगू लागले. बाजूस उभी असलेली दोन-तीन विद्यार्थी मंडळीही सरकत सरकत जवळ आली आणि ऐकत राहिली.

वाचकांनी अशी एखादी फेरी अवश्य करावी. खर्च फारसा येत नाही. मात्र वाटेत जो भेटेल त्याचे सांगणे लक्ष देऊन ऐकावे, त्याने कोणाकडून ऐकले तेही टिपून ठेवावे, आणि निघताना आपण त्याच्या काय उपयोगी पडू शकू, हे विचारल्यावाचून गाव सोडू नये.