पाहुण्याची ओळख : शिरड शहापूर ते कोल्हापूर

औंढा नागनाथहून वसमतकडे जाताना शिरड शहापूर लागते. हळदीच्या बाजारपेठांसाठी नावाजलेल्या या मुलखातील हे गाव जैन समाजात भगवान मल्लिनाथांच्या दिगंबर अतिशय क्षेत्रामुळे परिचित आहे. येथील मंदिर सुमारे ३०० वर्षांपूर्वीचे मानले जाते. अर्धपद्मासनातील मूळ मूर्ती पूर्वी नांदेडजवळील अर्धापूर येथे होती आणि भट्टारक प्रेमानंद यांनी ती शिरड येथे आणली, असे क्षेत्राची परंपरा सांगते. म्हणजे ज्या मूर्तीच्या दर्शनासाठी यात्रेकरू येथवर येतात, ती स्वतःही परगावाहून आलेली. आज मात्र ती सर्वांच्या मनात शिरडचीच आहे.

मल्लिनाथ हे एकोणिसावे तीर्थंकर; कलश हे त्यांचे लांछन. दिगंबर परंपरा त्यांना पुरुष मानते, तर श्वेतांबर परंपरेत मल्ली या स्त्री तीर्थंकर होत. दोन्ही परंपरांची श्रद्धा आपापल्या जागी अढळ आहे. कोणाचीही ओळख त्याच्याकडे पाहणाऱ्याच्या परंपरेतून कशी घडते, याचे भान मात्र या क्षेत्री सहज येते.

तीर्थक्षेत्राच्या धर्मशाळेत पाऊल ठेवणाऱ्यास पहिला प्रश्न येतो तो गावाचा, दुसरा आडनावाचा, आणि तिसऱ्या प्रश्नापर्यंत बहुधा कोणते ना कोणते नाते निघतेच. कोणाचे व्याही परभणीचे, तर कोणाची पेढी वाशिमला. पण ज्याच्याजवळ असा एकही धागा नाही, त्याचे काय? आणि तो चार दिवसांसाठी नव्हे, तर काही महिने राहून लोकांचे जीवन पाहण्यासाठी आला असेल तर?

याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच, कोल्हापुरात मिळते. व्हेरोनिक बेनेई या फ्रेंच मानवशास्त्रज्ञ. त्या मराठी शिकल्या आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस कोल्हापूरच्या प्राथमिक शाळांत अभ्यासासाठी बसू लागल्या. मराठी शाळांबरोबर त्यांनी उर्दू शाळाही पाहिली. या अभ्यासावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ ‘स्कूलिंग पॅशन्स’ २००८ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनाने काढला. देशप्रेम ही भावना मुलांच्या मनात रोजच्या परिपाठातून, गाण्यातून, शिवचरित्रातून आणि मातृभाषेच्या गोडीतून कशी रुजते, हा त्याचा विषय. त्याआधी, २००५ साली, त्यांनी युरोप, दक्षिण आशिया आणि चीन येथील शिक्षण व राष्ट्रवाद यांवरील लेखसंग्रह संपादित केला होता.

अभ्यासासाठी निवडलेले गावही मोलाचे होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील हे जन्माने जैन. त्यांचा जन्म याच परिसरातील कुंभोजचा आणि शिक्षण कोल्हापूरचे. शाळेविषयी अभिमान बाळगणाऱ्या अशा गावात परदेशी व्यक्ती वही घेऊन वर्गात बसते, तेव्हा सर्वांच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो : ही बाई नेमकी कोण?

आपल्याकडे वर्गात अनोळखी माणूस दिसला की प्रथम तपासणीचा संशय येतो. शिक्षक सावध होतात, मुले ताठ बसतात. कोणास तो पाहुणा वाटतो, कोणास देणगीदार, कोणास हेर. चिनी शाळांतही परदेशी अभ्यासकास इंग्रजीचा शिक्षक किंवा सन्माननीय पाहुणा समजले जाण्याचा संभव मोठा. ‘मी केवळ पाहण्यास आलो आहे’ हे सांगून कोणाचे समाधान होत नाही. त्यातून सकाळी राष्ट्रगीत व प्रतिज्ञा सुरू झाली की परदेशी माणसाने आदराने उभे राहावे हे ठीक. पण जो देश आपला नाही, त्याची प्रतिज्ञा म्हणावी काय? म्हटली तर ते सोंग ठरेल, न म्हटली तर परकेपणा उघड होईल. कारगिलच्या युद्धाचे १९९९ हे वर्ष आठवले म्हणजे या प्रश्नाचे वजन कळते.

व्यापारी कुटुंबांना हा पेच नवा नाही. पूर्वी बँकेत खाते उघडावयाचे तर जुन्या खातेदाराची ओळख लागे. ओळख देणाऱ्याची पत नव्या माणसाला मिळे, आणि त्याच्याविषयीचा संशयही नव्याच्याच वाट्याला येई. अभ्यासकाचे तसेच आहे. मुख्याध्यापकांनी आणून बसविलेल्या पाहुण्यापुढे शिक्षक मोकळेपणाने बोलत नाहीत. शिक्षकांच्या ओळखीने आलेल्याकडे पालक जपून पाहतात. पहिली ओळख उसनी असते. पुढची मात्र स्वतःच्या वागणुकीने मिळवावी लागते, आणि तिला वेळ लागतो.

जैन समाजाने असे अभ्यासक पूर्वीच पाहिले आहेत. जर्मन पंडित हर्मन याकोबी यांनी आचारांग व कल्पसूत्र यांचा इंग्रजी अनुवाद १८८४ मध्ये प्रसिद्ध केला आणि जैन धर्म ही बौद्ध धर्माची शाखा नसून स्वतंत्र परंपरा आहे, हे पाश्चात्त्य विद्वानांना पटविले. याकोबींचा भर ग्रंथांवर होता. शंभर वर्षांनी मानवशास्त्रज्ञ मायकेल कॅरिदर्स हे कोल्हापूर परिसरातील दिगंबर जैनांमध्ये आले ते माणसे समजून घेण्यासाठी. कॅरोलिन हम्फ्री यांच्यासह त्यांनी संपादिलेला ग्रंथ १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला; त्याच्या नावाचा अर्थ ‘श्रोत्यांची सभा’. हे नाव वाचताच जैन वाचकास समवसरण आठवेल. श्रावक म्हणजे तरी कोण? जो ऐकतो तो. परक्या अभ्यासकास आपल्या भाषेत खरोखर शोभेल अशी ओळख शोधली, तर ती हीच.

पण ऐकणाऱ्यावर जबाबदारीही असते. शाळेतील आठ वर्षांचे मूल निरागसपणे घरचे बोलणे सांगून टाकते : शेजारच्या वस्तीविषयी, दुसऱ्या धर्माविषयी, आजोबांच्या व्यवहाराविषयी. ते छापून आले म्हणजे जगभर वाचले जाते, आणि मुलाला त्याची कल्पनाही नसते. म्हणून अभ्यासकाने आपण कोण, कशासाठी आलो आणि लिहिलेले कोठे जाणार हे स्वच्छ सांगावे, नावे झाकावीत. पालकांनीही हे विचारण्यात संकोच मानू नये. विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. हिशेब स्वच्छ असला म्हणजे मैत्री टिकते, हे पेढीवर बसणाऱ्यास सांगावे लागत नाही.

त्याचबरोबर दार लावून घेण्यानेही आपलेच नुकसान होते. याकोबींपुढे हस्तलिखिते उघडली नसती, तर जैन धर्माची स्वतंत्र ओळख पश्चिमेत प्रस्थापित होण्यास आणखी किती काळ लागला असता? शिवाय जवळच्या माणसाला न दिसणारे काही परक्यास दिसते. रोजच्या परिपाठात मुलाच्या मनावर काय कोरले जाते, हे कोल्हापूरच्या पालकांनी क्वचितच थांबून पाहिले असेल. ते पाहावयास फ्रान्सहून कोणी यावे लागले. तेव्हा आपल्या गावी कोणी वही घेऊन आले, तर त्यास गाव विचारावे, काम विचारावे, आणि उत्तर प्रांजळ वाटल्यास बसावयास जागा द्यावी.